आंब्याच्या वाळक्या खोडावर आलेली शिंपल्यासारखी पांढरी अळंबी धिंगरीच आहे का?

वर्णनावरून धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, असू शकते, पण फोटो बघून ‘खा’ असं मी कुणालाच सांगत नाही.

आधी एक उपटून उलटी करा. धिंगरीचा देठ आखूड, बहुधा कडेला असतो आणि टोपीखालची पातळ पाती त्या देठावर खालपर्यंत उतरलेली दिसतात. देठाला कडं नाही, बुडाशी पिशवी नाही. मग टोपी काळ्या कागदावर पाती खाली करून ठेवा, वर वाटी झाका. सकाळी कागदावर बीजाणूंचा पांढरा किंवा किंचित जांभळट ठसा उमटलेला दिसेल. तपकिरी उमटला तर विषय संपला, फेकून द्या.

पांढरा ठसा म्हणजे परवाना नव्हे. ऑम्फॅलोटस ही विषारी अळंबीही लाकडावर येते, तिचाही ठसा फिकाच, पातीही देठावर उतरलेली. गॅलेरिनाही लाकडावरचीच; तिचं विष यकृत निकामी करतं आणि शिजवून जात नाही. त्यामुळे ‘लाकडावरची चालते’, ‘चांदीचा चमचा काळा पडला नाही’ हे सगळं विसरा.

वर्षानुवर्षं त्याच रानातली अळंबी काढून खाणारं गावातलं कुणी असेल तर ताजी, अख्खी त्यांच्या हातात द्या. त्यांनी होकारार्थी मान डोलावली नाही, तर बाजारातली धिंगरी आणा.