'चालू मांगा' म्हणावं का?

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे: "मी जपानी प्रेमकथांच्या मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचते. त्यातल्या काही अजून पूर्ण झालेल्या नाहीत, दर महिन्याला नवा भाग येतो. परवा बोलता बोलता मी 'चालू मांगा' म्हणाले, तर समोरची हसायला लागली. मग अशा मांगाला मराठीत म्हणायचं तरी काय? आणि 'फॉलो करते' याला?"

ती हसली, कारण 'चालू' चुकीच्या जागी बसला. हा शब्द नामाच्या आधी आला की त्याचा अर्थ पुढच्या नामावर ठरतो. काळाच्या आधी तो अगदी सरळ असतो: चालू वर्ष, चालू महिना. माणसाच्या आधी आला की धूर्तपणाचा वास येतो. वस्तूच्या आधी आला की दर्जा घसरतो. दुकानदार 'चालू माल' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चांगला माल नसतो. 'चालू मांगा' ऐकणाऱ्याला हा शेवटचा अर्थ ऐकू येतो. तोच शब्द वाक्याच्या शेवटी न्या: 'ती मांगा अजून चालू आहे.' आता कोणी हसणार नाही, कारण 'पाऊस चालू आहे', 'काम चालू आहे' यांच्या पंगतीत तो जाऊन बसतो. 'सुरू आहे' हेही तितकंच चांगलं. 'सुरू' अरबीतून आला, मूळ अर्थ आरंभ. पण मराठीत आरंभ झालेलं आणि अजून न थांबलेलं, दोन्ही तो सांगतो. नामाआधीच हवा असेल तर 'सुरू असलेली मांगा' म्हणा.

लिहिताना मात्र मला 'क्रमशः' वापरावासा वाटतो: 'क्रमशः प्रसिद्ध होणारी मांगा'. मासिकातल्या कादंबरीच्या भागाखाली हा शब्द पाहून पुढच्या अंकाची वाट पाहिलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. हप्त्याहप्त्यानं कथा वाचण्याची सवय मराठीला जुनीच आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचकांना त्यातूनच भागाभागांनी मिळाली. जपानी मांगाच्या भागाखाली 'त्सुझुकु' असं छापलेलं असतं, म्हणजे 'पुढे चालू'. आपलं 'क्रमशः' आणि त्यांचं 'त्सुझुकु' एकच काम करतात.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. प्रकाशनाच्या प्रत्येक अवस्थेला जपानीत वेगळा शब्द आहे आणि मराठीतही आपण त्या अवस्था वेगळ्या ठेवायला हव्यात. क्रमशः प्रकाशनाला 'रेन्साई' म्हणतात. त्यातली पहिली चित्रलिपी सलग जोडलेलं दाखवते, दुसरी लादणं, चढवणं. तिच्यात गाडीचं चिन्ह आहे. अंकामागून अंकावर कथा चढवत न्यायची. मध्येच थांबली की 'क्यूसाई'. इथे 'चढवणं' तेच राहतं, फक्त आधी विश्रांतीचं अक्षर येतं, झाडाला टेकलेला माणूस दाखवणारं. म्हणजे कथा थांबली असली तरी संपली असं कोणी म्हटलेलं नाही.

यासाठी 'अपूर्ण' हा शब्द मला पटत नाही. 'अपूर्ण' म्हटलं की राहून गेलेलं, आता न होणारं असं वाटतं. आइ याझावा या लेखिकेची 'नाना' ही मांगा २००० मध्ये सुरू झाली आणि त्यांच्या आजारपणामुळे २००९ मध्ये थांबली. २१ खंड निघाले. ती अपूर्ण आहे असं तिच्या वाचकाला सांगून पाहा, त्याला ते लागेल. 'प्रकाशनात खंड पडला आहे' म्हणा. मालिकेचं एकेक पुस्तक तो खंड आणि सलगपणा तुटला तोही खंड. २१ खंडांनंतर पडलेला खंड हे मराठीत सहज म्हणता येतं, आणि त्यात पुन्हा सुरू होण्याची शक्यता शाबूत राहते.

मासिकानंच मालिका अर्ध्यात बंद केली तर 'उचिकिरि'. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: गुंडाळली. टीव्हीच्या मालिकांमुळे तो सगळ्यांच्या तोंडी आहे. आणि कथा तिच्या मुक्कामाला पोचली तर 'कान्केत्सु', म्हणजे 'पूर्ण झाली'. निव्वळ 'संपली' नको, गुंडाळलेलीही संपतेच. 'कान्केत्सु'मधलं दुसरं अक्षर गाठ बांधण्याचं आहे आणि 'केक्कोन' म्हणजे लग्न, या शब्दाची सुरुवातही त्याच अक्षरानं होते. 'लग्नगाठ' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. प्रेमकथा पूर्ण होण्याला याहून नेमकं अक्षर मिळणं कठीण.

'फॉलो करते'साठी कोशात नाम शोधू नका. 'अनुसरण' म्हणजे कुणाच्या मागून तसंच वागणं, 'पाठपुरावा' सरकारी अर्जाचा. ही गोष्ट मराठीत क्रियापदाच्या रूपातच आहे: 'मी ती पहिल्या भागापासून वाचत आले आहे.' '-त येणे' या एवढ्याशा जोडीत मागचा सगळा काळ मावतो. प्रेमकथेच्या वाचकाला हा काळ फार मोलाचा असतो. कारुहो शीनांची 'किमी नि तोदोके' मासिकातून २००५ ते २०१७ अशी आली, ३० खंड झाले. कथेतल्या मुलांची हायस्कूलची वर्षं सरायला वाचकांचं एक तप गेलं. ज्यांनी ती अंकांतून वाचली ते 'वाचत आले', ज्यांनी नंतर सगळे खंड आणून बसल्या बैठकीला संपवले त्यांनी 'वाचून काढली'. दोन्ही वाचनं खरी, पण मधल्या महिन्यांत नायकाच्या एका अर्धवट वाक्याचा अर्थ लावत राहणं पहिल्यांच्याच वाट्याला येतं. शुएइशा प्रकाशनाचं 'मांगा प्लस' २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून बऱ्याच मालिकांचे भाग जपानबरोबरच इंग्रजीत वाचता येतात, त्यामुळे मराठी वाचकही आता 'वाचत आलेल्यां'मध्ये येतात.

एक तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे अडेल. मांगाच्या भागाला 'प्रकरण' म्हणू नका. कोशात तो बरोबरच आहे, पण प्रेमकथेबद्दल बोलताना 'त्या दोघांचं प्रकरण चालू आहे' याचा अर्थ कुणी नवा भाग आला असा घेणार नाही. 'भाग' म्हणा, आणि भाग एकत्र बांधून निघतात त्या पुस्तकाला 'खंड'.