किडनी मागायची कशी?

"मॅडम, घरच्या माणसाकडे किडनी मागायची तरी कशी?" मी समुपदेशक; डायलिसिसवरची तरुण मुलं हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात, की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

निखिल (नाव बदललं आहे) कळव्याचा, वय २६, नोकरी ऐरोलीला. आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. आईला मधुमेह, वडिलांचा रक्तगट जुळत नाही. उरली डोंबिवलीला दिलेली थोरली बहीण. तिची मुलगी अजून लहान.

"ताईला सगळं माहीत आहे," तो म्हणाला.

"तू सांगितलंस?"

"नाही. आई म्हणते, आपण तोंड उघडायचं नाही. तिच्या मनात असेल तर तीच म्हणेल."

ताई दर रविवारी पथ्याचा डबा घेऊन यायची, बसायची, जायची. आजार एकाच्या शरीरात असतो, पण त्याबद्दलचं मौन सगळं घर मिळून पाळतं, हे मी ठामपणे मानते.

मी म्हटलं, "मला ताई समज आणि बोल." तपासण्या, डॉक्टरांचं म्हणणं त्याने नीट सांगितलं. शेवटचं वाक्य मी सुचवलं होतं: 'तू नाही म्हणालीस तरी आपल्यात अंतर येणार नाही.' तिथे तो अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला.

"हे खोटं आहे, मॅडम. ती नाही म्हणाली तर मला राग येईल. आत्ताच येतो. ती डबा ठेवते ना, तेव्हा तो फेकून द्यावासा वाटतो."

मी गप्प राहिले. मागायला संकोच वाटतो, असं त्याच्यासकट सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात त्याने न विचारताच ताईचा नकार मनात पक्का केला होता आणि त्याबद्दल तिच्यावर रुसलाही होता. हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. अशा वेळी उत्तर हातात न देता थांबता येणं, हेच मी या कामात सर्वांत जास्त कमावलं आहे.

पुढच्या भेटी त्या रागावरच गेल्या. मग तो ताईशी बोलला. काही दिवसांनी ती एकटीच मला भेटायला आली. म्हणाली, "तो विचारेल म्हणून वाट बघत होते, आणि विचारेल म्हणून घाबरतही होते."

म्हणून सांगते, आधी स्वतःला विचारा, नकार पचेल का? पचणार नसेल तर थोडं थांबा, त्या रागाबद्दल कुणाशी तरी बोला. मग माहिती द्या, पण उत्तर त्याच बैठकीत मागू नका. दात्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. शस्त्रक्रियेआधी केव्हाही संमती मागे घेता येते, हे तुम्हीच त्याला सांगा. सगळा भार एकाच माणसावर टाकू नका. घरच्या दात्याचा रक्तगट रुग्णाशी न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना जवळच्या नात्यातल्या दात्यांची अदलाबदल करायला अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११च्या दुरुस्तीने वाट करून दिली आहे. मृत दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवा, ठाणे-नवी मुंबईचं कामही तिथूनच चालतं. आणि पैसे घेऊन दाता आणून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. तो गुन्हा आहे, त्याला कैद आहे.

ताईच्या तपासण्या सुरू आहेत. भावोजी सुट्टी आणि खर्चाचे प्रश्न लिहून डॉक्टरांना भेटून आले. निखिलने प्रतीक्षायादीतही नाव घातलंय, आणि ते ताईला आधीच सांगितलंय.