शंकूंच्या अरुंद मार्गावर मस्टँग स्विफ्टच्या मागे का पडते

आपण लिहिले आहे की, जुन्या धावपट्टीवर शंकू मांडून आखलेल्या मार्गावर आपली फोर्ड मस्टँग जीटी एका साध्या मारुती स्विफ्टच्या मागे राहिली, वळणात गाडीचे नाक सतत बाहेर ओढले जात होते, आणि आता इंजिनाचे रीमॅपिंग करून, म्हणजे त्याच्या संगणकातली आज्ञावली बदलून, ताकद वाढवावी की गाडीच विकून टाकावी, या विचारात आपण आहात. माझे मत असे आहे की यांपैकी काहीही करू नये. मी वाहन अभियंता नाही आणि आपली गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचे सारे एका हौशी चालकाचे मत म्हणूनच वाचावे. परंतु नाक बाहेर जाण्याची हीच तक्रार घेऊन, मागच्या चाकांवर चालणाऱ्या एका दोन आसनी गाडीसह, मीही बराच काळ हेलपाटे घातलेले आहेत. ब्रेक कुठे सोडावा, नजर कुठे ठेवावी हे आपल्याला ठाऊक असणार, म्हणून ते सोडून देतो.

प्रथम हिशेब पाहू. वळणात गाडी किती वेग धरू शकते हे टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या या दोनच गोष्टी ठरवतात. वजन समीकरणातून गळून पडते आणि अश्वशक्ती त्यात नसतेच. 12 मीटर त्रिज्येच्या वळणात, टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली, तर कमाल वेग ताशी सुमारे 39 किलोमीटर येतो, मग गाडी 2016 साली दिल्लीत 65 लाखांना मिळणारी असो वा 2018 साली 4.99 लाखांपासून सुरू होणारी असो. प्रत्यक्षात तर वजनदार गाडीचे थोडे नुकसानच होते, कारण टायरवर जितका अधिक भार पडतो, त्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही. पावणेदोन टनांच्या आसपासची मस्टँग आणि नऊशे किलोहून हलकी स्विफ्ट यांच्यातला हा फरक रुंद टायर काही अंशी भरून काढतात, पूर्णपणे नाही.

दुसरा मुद्दा रुंदीचा आहे, आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. आपली गाडी 1,916 मिलिमीटर रुंद आहे, ती स्विफ्ट 1,735. सरळ रेषेत दर 15 मीटरवर शंकू असतील आणि दोन्ही चालक शंकूपासून वीतभरच अंतर ठेवून नागमोडी जात असतील, तर रुंद गाडीला प्रत्येक शंकूपाशी सुमारे 9 सेंटिमीटर अधिक बाजूला सरकावे लागते. पकड समान धरून मी आकडेमोड केली, तेव्हा स्विफ्टचा वेग ताशी 49 च्या आसपास आणि मस्टँगचा 47 च्या आसपास आला. चार टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण मिनिटभराच्या मार्गाचा तिसरा हिस्सा असा नागमोडी असेल, तर तिथेच पाऊण सेकंद जातो. शिवाय जवळपास एक मीटर अधिक लांबीची, पुढे मोठे इंजिन असलेली गाडी डावीकडून उजवीकडे फिरवायला वेळ लागतो, तो निराळाच.

परंतु यावरून ‘हॅचबॅकच श्रेष्ठ’ असा जो सूर लावला जातो, तो मला मान्य नाही. हेअरपिनमधून, म्हणजे जवळपास उलट दिशेला फिरवणाऱ्या तीव्र वळणातून, ताशी 40 ने बाहेर पडल्यावर पुढे 50 मीटर मोकळे असतील, तर तेवढ्यात आपली गाडी सुमारे अर्धा सेकंद कमावते, फक्त त्यातला काही भाग लवकर ब्रेक लावावा लागल्याने परत जातो. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या सोलो स्पर्धा अशाच शंकूंच्या मार्गांवर होतात आणि तिथे एक शंकू पाडला की 2 सेकंदांचा दंड बसतो. त्या स्पर्धांतही चांगल्या हातातली कॉर्व्हेट ही ताकदवान स्पोर्ट्स कार निव्वळ वेळेत हॅचबॅकच्या पुढेच असते, आणि लहान गाड्या आपल्या वर्गात किंवा गाडीच्या वर्गानुसार ठरलेल्या गुणकाने दुरुस्त केलेल्या वेळेत चमकतात. 1964 च्या मोंटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क यांची 1,071 सीसीची मिनी कूपर एस जिंकली याचे दाखले सर्वजण देतात, पण दुसऱ्या क्रमांकाची 4.7 लिटर इंजिनाची फोर्ड फाल्कन वेळ मोजल्या जाणाऱ्या विशेष टप्प्यांवर अधिक वेगवान होती आणि गुणांकनाचे सूत्र लहान इंजिनाला अनुकूल होते, हे सांगायचे राहून जाते. मिनीची कर्तबगारी त्याने कमी होत नाही. अरुंद मार्गावर महागड्या गाडीचा फायदा नाहीसा होत नाही. तो इतका आकसतो की चांगले टायर, योग्य अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) आणि सरावलेला हात तो सहज उलटवू शकतात, एवढेच यातून घ्यावे.

आता ज्या गोष्टीने माझे सर्वाधिक नुकसान केले तिच्याकडे वळतो. नाक बाहेर जाते म्हणून मी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली आणि पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, अमुक इतका ठेवून द्या, अशी लेखी विनंती केली. तिथल्या अॅडव्हायझरने अलाइनमेंट यंत्राचा छापील कागद पुढे केला, सर्व आकडे हिरव्या पट्ट्यात असल्याचे दाखवले आणि ‘सर, गाडी परफेक्ट आहे, ड्रायव्हिंग स्टाइलचा प्रश्न आहे’ असे सांगून पूर्ण बिल घेतले. पुढच्या खेपेला तोच कागद, तेच वाक्य. दरम्यान पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा झिजून गेल्या, नवे टायर बसवावे लागले आणि तेही तसेच झिजू लागले. अखेर अलाइनमेंटचे छोटे दुकान चालवणाऱ्या एका जाणत्या गृहस्थाने तो कागद पाहून विचारले की गाडीला खालचे स्पोर्ट सस्पेन्शन असताना यंत्रात साध्या सस्पेन्शनची आवृत्ती कशी निवडली आहे. म्हणजे तो हिरवा पट्टा माझ्या गाडीचा नव्हताच! हे पुराव्यासह कळवल्यावर ग्राहक सेवा विभागाकडून ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे’ या धर्तीची उत्तरे येत राहिली. चूक मान्य झाली नाही, पैसे मिळाले नाहीत, आणि त्या हंगामातल्या स्पर्धा संपून गेल्या. त्याच दालनात मला रीमॅपिंग सुचवण्यात आले होते हे आठवले की अजूनही संताप येतो, कारण जी गाडी पुढच्या टायरांच्या पकडीमुळे अडली आहे, तिला ताकद देऊन ती फक्त अधिक वेगाने अडते.

म्हणून आपण अलाइनमेंटचा कागद हातात घेऊन त्यावर नोंदलेले मॉडेल, वर्ष आणि सस्पेन्शन आधी तपासावे. हिरवा रंग नंतर पाहावा. हिरवा पट्टाही रस्त्यावरच्या रोजच्या वापरासाठी असतो, हे लक्षात ठेवावे. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आतल्या बाजूला असलेला कल, वाढवण्यासाठी वेगळे बोल्ट किंवा प्लेट लागतील. ते बसवण्यापूर्वी स्पर्धेचे वर्गनियम वाचावेत, अन्यथा गाडी वरच्या वर्गात ढकलली जाते. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहावा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून कडक झालेले टायर नवे म्हणून गळ्यात मारले जातात. फेरीपूर्वी टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि बाजू जुळतात त्या कडेवर, खडूची रेघ ओढावी. फेरीनंतर ती अगदी खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, अजिबात पुसली नाही तर जास्त आहे. आणि शक्य झाल्यास त्या स्विफ्टवाल्याला आपल्या मस्टँगमध्ये एक फेरी मारू द्यावी. त्याची वेळ स्विफ्टमधल्या वेळेच्या जवळ आली, तर उरलेले पैसे सरावावर खर्च करावेत. तोही मागे राहिला, तर गाडीची जुळवणी तपासत राहावी.

विकण्याचा निर्णय मात्र एका धावपट्टीवरून घेऊ नये. कोइम्बतूरच्या 2.1 किलोमीटरच्या कारी मोटर स्पीडवेवर ती स्विफ्ट काही काळ आपल्याला त्रास देईल, पण चेन्नईजवळच्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर ती मागे पडेल आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरच्या किलोमीटरभर लांब सरळ पट्ट्यावर ती आपल्याला आरशातही दिसणार नाही. आपल्याला जन्मभर शंकूंमध्येच फिरायचे असेल, तर एखादी जुनी स्विफ्ट वेगळी घ्यावी. माझ्या मते तिचा खर्च आपल्या गाडीच्या टायरांच्या काही संचांतच निघेल.

जाता जाता एक सूचना, जी विषयाला धरूनच आहे. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटार विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादांचे कलम असते आणि त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी यांसारखे वापर वगळलेले असतात. फोनवर कुणी ‘सगळे कव्हर आहे’ म्हणाले तरी ते लेखी मागून घ्यावे, आणि लेखी मिळत नसेल तर नुकसान आपल्याच खिशातून जाणार असे धरूनच रांगेत उभे राहावे.