घरात चिचुंद्री फिरते, भाताची नासाडी तीच करते का? विष घालावं का?

विष अजिबात घालू नका. आणि तिला उंदीर म्हणणं आधी सोडा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला तो लाकूड, वायर, गोणी जे मिळेल ते कुरतडतो. चिचुंद्रीला तसले दातच नाहीत. तिची नजर अधू. भिंतीच्या कडेकडेने चिक्‌चिक् करत, सोंडेसारखं नाक खुपसत ती झुरळं, रातकिडे, गांडुळं हुंगत फिरते. भूक अशी की फार वेळ उपाशी राहणं तिला झेपत नाही.

हे मी आमच्या काकांना वीस वर्षं सांगतोय.

मालवणजवळ आमचं घर. एकदा मे अखेरीस मांगरातली, म्हणजे घराबाहेरच्या खोपटातली, लाकडं पावसाआधी पडवीत आणत होतो. खालचा पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, ओढला तर त्यातून काळपट, लांबलचक काहीतरी वळवळत निघालं. काका ओरडले, "सरप असा, बाजूक हो!" आणि घातली काठी. नेम चुकला म्हणून बरं. ती चिचुंद्री होती, मागे चार पिल्लं. पहिल्याने आईच्या शेपटीजवळचे केस दातात धरलेले, दुसऱ्याने पहिल्याचे, अशी आगगाडी. आईला उचललं तरी पिल्लं सुटत नाहीत, इतकी पकड. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांत शिरेपर्यंत एकही डबा सुटला नाही. मी हरखून बघत राहिलो. काका म्हणाले, "उंदीर तो उंदीरच, नाक लांब म्हणून काय झाला?"

वास मारते, हे मान्य. कुशीतल्या ग्रंथींचा तो वास, म्हणून मांजर मारतं पण सहसा खात नाही. कोंबडीची लहान पिल्लं मात्र रात्री झाकून ठेवा, तिथे तिचा भरवसा नाही. आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू तिच्याही अंगात असू शकतात, तेव्हा मेलेली दिसली तर उघड्या हाताने उचलू नका. घरात नकोच असेल तर मोरीचं भोक आणि दाराखालची फट बुजवा, झुरळं कमी करा. तिला खायला मिळालं नाही की ती जाते.

भात कुरतडलेला असेल तर तो उंदीर. पिंजरा लावा, पण आत खोबरं ठेवा, सुका जवळा नको. काका जवळाच लावायचे. मग दर वेळी हीच अडकायची, आणि पिंजरा माझ्या नाकासमोर धरून म्हणायचे, "बघ, भात खाणारी गावली!"