ब्रिजमध्ये बोली जमते, पण खेळताना हात जातात. डिक्लेअररचा खेळ आणि डिफेन्स कसा सुधारू?

आधी बोलीची पुस्तकं कपाटात टाका. डिक्लेअरर (शेवटची बोली जिंकून डाव खेळणारा) असाल तर डमी, म्हणजे भिडूची पानं, टेबलावर उघडल्यावर पहिलं पान ओढायच्या आत पक्के हात मोजा. कमी पडत असतील तर कुठल्या रंगातून काढायचे ते तेव्हाच ठरवा. समोरच्यांकडे एखाद्या रंगाची पाच पानं असतील तर ती 3-2, म्हणजे एकाकडे तीन आणि दुसऱ्याकडे दोन, पडण्याची शक्यता 68 टक्के. सहा असतील तर 3-3 जेमतेम 36, त्यावर विसंबू नका.

खरं दुखणं डिफेन्सचं, म्हणजे डिक्लेअररला अडवण्याचं. निदान आमच्या घरी तरी.

रविवारी दादरला ताईकडे डाव बसतो, भाऊजी माझे भिडू. एकदा समोरच्यांनी थ्री नो ट्रम्प घेतला, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात करायचे. माझ्याकडे बदामचे राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, चव्वी. मी सत्तीची उतारी केली. डमीत राणी, पंजी, दुर्री पडली. भाऊजींकडे एक्का, दश्शी, अठ्ठी. त्यांनी एक्का आपटला, तोही चहा बशीत सांडेल असा! मग दश्शी खेळले, तिच्यावर डमीची राणी बसली आणि त्या एका हातावर डिक्लेअररचे नऊ पुरे झाले.

आता हिशेब बघा. सत्ती हे माझं वरून चौथं पान. अकरातून सात गेले, उरले चार. म्हणजे सत्तीहून मोठी चारच पानं माझ्या हाताबाहेर. एक डमीत दिसतंय, तीन भाऊजींच्याच हातात. डिक्लेअररकडे एकही नाही. अठ्ठी टाकली असती तर तीच हात घेत होती. मग एक्का, मग दश्शी. राणी एकटी पडून माझ्या राजाखाली गेली असती आणि बदामचे पाचही हात आमचे. गेम बुडाला असता.

हे सांगितलं तर म्हणतात, "तिसऱ्यानं मोठं पान टाकायचं. तू चड्डीत फिरत होतास तेव्हापासून खेळतोय मी. आणि पत्ते कुटायला बसलोय, गणिताच्या पेपरला नाही."

"तिसऱ्यानं मोठं" हे नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात सांगायचं असतं. त्यावर जन्म काढायचा नसतो. हल्ली भाऊजी वयाचंही कारण देतात. 2018 मध्ये जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा बर्धन 60 वर्षांचे होते.

तुम्ही सध्या प्रत्येक डावात एकच रंग शेवटपर्यंत मोजा, आणि भिडूनं टाकलेली दुर्री-तिर्रीसुद्धा वाचा. मोजायला तयार नसलेला भिडू बदला. नात्यातला असेल तर अवघड आहे, तरी बदला.

हां, अकराचा हिशेब उतारी वरून चौथ्या पानाची असेल तरच चालतो. मोठी पानं नसलेल्या रंगातलं सगळ्यात वरचं पान म्हणून कुणी सत्ती टाकली तर तो पार फसवतो. भाऊजींनी हा मुद्दा काढला असता तर मला विचार करावा लागला असता. त्यांनी काढला नाही.