नवी .३०८ रायफल १०० यार्डांवर चार इंचांत गोळ्या विखुरते. टेक्ससमध्ये हरणांचा हंगाम जवळ आलाय, काय करू?

आधी स्क्रू बघा. स्कोपचा (रायफलवरच्या दुर्बिणीचा) बेस, रिंगा आणि स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा. बेस सैल असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. नळीतलं कारखान्याचं तेलही पुसून काढा.

मग काडतुसं. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. एकच रायफल १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी विखुरते आणि १६५ ची एका जागी बसवते, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. दोन-तीन प्रकारांचा एकेक बॉक्स आणा, उत्तम जमेल तोच कायम ठेवा. वाळूच्या पिशवीवर स्टॉकचा पुढचा भाग टेकवा, नळी कधीच नाही. दर तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ द्या. शिकारीची नळी बारीक असते, लवकर तापते, आणि जंगलात पहिली गोळी थंड नळीतूनच सुटणार असते.

झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एका जागी जुळवणं, आधी २५ यार्डांवर, मग १०० वर करा. पाव एमओएचा स्कोप असेल (म्हणजे एका क्लिकला १०० यार्डांवर नेम साधारण पाव इंच सरकतो) तर १०० यार्डांवर इंचाला साधारण ४ क्लिक, २५ वर १६. प्रत्येक गोळीमागे स्कोप फिरवू नका. तीन गोळ्यांचा मध्य धरून फिरवा. दोन इंचांत आल्या तरी हरणासाठी पुरेसं आहे.