मुलगा मंडळासमोर ‘मी ठीक आहे’ म्हणतो, मग दिव्यांग प्रमाणपत्र कसे मिळणार?

प्रश्न : माझा मुलगा ३४ वर्षांचा असून बारा वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. यजमान हयात नाहीत; सोलापूर जिल्ह्यातील एका गावात शिवणकाम करून मी घर चालवते. दोन वर्षांपूर्वी त्याला वैद्यकीय मंडळासमोर नेले, तेव्हा ‘मी ठीक आहे, दुकानात कामाला जातो’ एवढेच तो सांगत राहिला. प्रत्यक्षात तो चुलत्यांच्या दुकानात दोन तास नुसता बसतो. आम्ही फक्त त्या महिन्याची चिठ्ठी नेली होती. टक्केवारी चाळीसच्या खाली आली आणि निराधारचा पगार सुरू झाला नाही. आता पुन्हा तपासणीची तारीख आली आहे. एक जण म्हणतो, आठवडाभर गोळ्या बंद ठेवा. दुसरा पैसे घेऊन प्रमाणपत्र काढून देतो म्हणतो. मुलगा तर यायलाच तयार नाही. मी काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी हे सांगतो की मुलाच्या गोळ्या एक दिवसही बंद करू नका. गोळ्या सुटल्यावर आजार उलटला तर त्याला सावरायला किती महिने लागतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि एका प्रमाणपत्रासाठी तेवढी किंमत मोजावी असे मला कोणत्याही परिस्थितीत वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही त्याची गरज नाही, कारण उपचार चालू असूनही रोजच्या जगण्यात जी अडचण उरते, तिलाच येथे महत्त्व आहे. पैसे मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या मुलाचा हक्क खरा असताना त्याला असा डाग लागू देऊ नये.

आता मागच्या वेळी टक्केवारी का बसली नसावी, ते पाहू. याच अधिनियमाच्या अनुसूचीत मानसिक आजाराचा स्पष्ट समावेश आहे आणि लाभांसाठी सहसा किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. मानसिक आजाराची टक्केवारी ‘आयडियाज’ नावाच्या भारतीय मोजपट्टीने ठरवली जाते. तीत स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार बाबींना अडचणीच्या प्रमाणात प्रत्येकी ० ते ४ गुण असतात, आणि आजाराच्या कालावधीसाठी वेगळे १ ते ४ गुण मिळवले जातात. वीसपैकी ठरावीक गुण झाले की ४० टक्क्यांचा टप्पा सुरू होतो. याचा अर्थ असा की बारा वर्षांचा अखंड आजार कागदांवरून दिसला तर कालावधीचे पूर्ण ४ गुण मिळू शकतात आणि उरलेल्या चार बाबींत मिळून थोडेच गुण लागतात. आपण मागच्या वेळी एका महिन्याची चिठ्ठी दाखवलीत. बारा वर्षांचा आजार त्या चिठ्ठीवरून मंडळाला कसा दिसावा? माझ्या मते आपले प्रकरण मुलाच्या उत्तरांइतकेच कागदांच्या अभावीही अडले आहे.

म्हणून तारखेपूर्वी पहिल्या तपासणीपासूनचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शक्य असल्यास औषधांच्या पावत्या वर्षवार लावून घ्या. दवाखाना जुने कागद देत नसेल तर मुलाच्या सहीने लेखी अर्ज करून पोच घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे, आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागणी केलेल्या नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. सध्या उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडून निदान, आजाराची सुरुवात, मध्यंतरी किती वेळा आजार उलटला आणि सध्याची स्थिती हे नमूद केलेले पत्र घ्या. चुलत्यांकडूनही एक साधे पत्र आणा : मुलगा दुकानात किती वेळ बसतो, कोणते काम करतो किंवा करत नाही, त्याला मोबदला मिळतो का. ‘कामाला जातो’ या दोन शब्दांचा खरा अर्थ त्या पत्रातून मंडळाला कळेल.

या मोजपट्टीत रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाने दिलेल्या माहितीला मोठे स्थान आहे, आणि तो माणूस म्हणजे आपण. चारचौघांत मुलाचे उणे सांगताना आईची जीभ जड होते, हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत पुष्कळ वेळा पाहिले आहे. तरी ते सांगावेच लागते. एका पानावर मागील काही महिन्यांतील नेहमीचा दिवस लिहून काढा : अंघोळीसाठी किती वेळा सांगावे लागते, जेवण वाढल्याशिवाय तो जेवतो का, नातेवाईक आले की आतल्या खोलीत जातो का, बाजारातून दोन वस्तू आणायला सांगितल्यास काय होते, रात्री कोणाशी बोलत राहतो. चांगले दिवसही लिहा, आणि ते महिन्यातून किती असतात तेही लिहा. तिखटमीठ लावू नका. अनुभवी डॉक्टरांना वाढवून सांगितलेले ओळखू येते आणि मग खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. तपासणीला जाताना त्याला नव्या कपड्यांत नटवूनही नेऊ नका आणि मुद्दाम गबाळाही ठेवू नका. रोज जसा असतो तसाच न्या.

मुलाच्या नकाराबाबत बोलतो. प्रत्यक्ष तपासणीशिवाय प्रमाणपत्र मिळेल, असे गृहीत धरू नका. परंतु बाजाराला जायचे आहे असे सांगून त्याला रुग्णालयात नेऊ नका. तो सज्ञान आहे, कायद्याने त्याचा स्वतःच्या निर्णयांचा अधिकार मान्य केला आहे, आणि एकदा विश्वास गेला की तो पुढे औषधालाही नाही म्हणेल. ‘तू वेडा आहेस हे ठरवायला नव्हे, तर तुझ्या नावाने मदत मिळावी म्हणून जायचे आहे’ असे त्याच्या शांत वेळी सांगा. त्याचे ऐकणारे डॉक्टर किंवा चुलते यांनी सांगितले तर आणखी बरे. गर्दीने तो बिथरत असेल तर लवकर क्रमांक मिळावा, असा अर्ज आधीच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्या. आत गेल्यावर प्रथम त्याला बोलू द्या, त्याचे वाक्य मध्येच खोडू नका, आणि नंतर ‘मला पाच मिनिटे वेगळे बोलायचे आहे’ अशी विनंती करून आपले पान मंडळापुढे ठेवा. त्याची एक प्रत आपल्याजवळ असू द्या.

निर्णय हातात आल्यावर टक्केवारी आणि प्रमाणपत्राची मुदत तेथेच वाचून घ्या. प्रमाणपत्र नाकारले तर कारण लेखी मिळाले पाहिजे. टक्केवारी पुन्हा कमी आली तर नवा अर्ज करून वर्ष घालवण्याऐवजी कलम ५९ खाली अपील करता येते. अपील प्राधिकारी कोण आणि मुदत किती, हे त्याच दिवशी रुग्णालयात लेखी विचारा. वकिलाच्या खर्चाची चिंता नको, कारण स्त्री म्हणून आपल्याला आणि दिव्यांग म्हणून आपल्या मुलालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा अधिक आले, तरी पगार आपोआप सुरू होणार नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. त्यामुळे शिवणकामाचे उत्पन्न धरून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आतापासूनच काढायला द्या आणि मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हेही पाहून घ्या.